सहा मिनिटांची तालीम

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेतील एक मुलगा आंतरशालेय स्पर्धेत पेटीवर यमन वाजवायला बसला. दोन महिने त्याने मन लावून तयारी केली होती. आलाप सुरेल झाला, सभागृह शांत झाले, तबल्यावरच्या मुलाने हात सावरले आणि आता गत सुरू होणार तोच घंटा वाजली. सहा मिनिटे संपली होती. परीक्षकांच्या कागदावर लय, ताल आणि तयारी असे रकाने होते. त्यांत लिहिण्याजोगे काही घडलेच नव्हते. परतीच्या एसटीत तो मुलगा खिडकीबाहेर पाहत बसला होता. चूक त्याची नव्हती. त्याला राग शिकवला गेला होता, बोटे कशी टाकावीत हे शिकवले गेले होते. घड्याळ मात्र आम्ही कोणीच शिकवले नव्हते.

आम्ही इतिहास शिकवणारे. पेटीवर आमची बोटे चालत नाहीत. परंतु त्या दिवसानंतर सरावाच्या वेळी हातात घड्याळ घेऊन बसण्याचे काम आमच्याकडे आले आणि ते आजतागायत आहे. संगीत शिकवणाऱ्या सहकाऱ्यांजवळ बसून, मुलांच्या चुका मोजून जे उमगले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे मांडत आहोत. आपल्या मुलांपैकी फार थोड्यांच्या घरी गाण्याची पेटी असते. घराण्याची तालीम तर दूरच. अशा मुलांना वेळेच्या बंधनात शास्त्रीय संगीत सादर करायचे असेल तर तयारी कशी करावी, हा या लेखाचा विषय आहे.

‘तालीम’ या शब्दाला आपल्या कोल्हापुरात दोन अर्थ आहेत. पेठेतल्या माणसाला तो शब्द ऐकून लाल माती आणि जोर-बैठका आठवतात. गवयाला गुरूसमोरची बैठक आठवते. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. मैदानात उतरल्यावर नवा डाव सुचत नाही. तालमीत हजार वेळा घोटलेला डावच हाताशी येतो. पैलवानाला शंभर डाव ठाऊक असले तरी त्या दिवशीच्या कुस्तीसाठी तो दोन-तीनच तयार ठेवतो. वेळेच्या स्पर्धेतील वादकाचेही तसेच आहे. तुम्हाला किती येते हे घड्याळ विचारत नाही. जे येते त्यातून तुम्ही काय निवडले आणि ते किती पक्के केले, एवढेच त्याला दिसते.

वेळेच्या चौकटीत राग बसवणे हा आजच्या शाळांचा शोध नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे ध्वनिमुद्रिका आल्या तेव्हा तबकडीच्या एका बाजूस साधारण तीन ते साडेतीन मिनिटे एवढीच जागा असे. तास-तास राग मांडणाऱ्या गायकांपुढे प्रश्न उभा राहिला की यात काय गावे? काहींनी नकार दिला, काहींनी घाईघाईत सगळेच कोंबले. ज्यांना मर्म कळले त्यांनी रागाचा चेहरा पहिल्या काही सुरांतच उभा केला. गोव्यातील केरी या गावी, कलावंत समाजात जन्मलेल्या केसरबाई केरकर लहानपणी कोल्हापुरात राहिल्या होत्या आणि येथे काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या होत्या. पुढे अल्लादिया खाँसाहेबांकडे त्यांनी दीर्घकाळ कठोर तालीम घेतली. त्यांची सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर सुवर्ण तबकडीवर अंतराळात गेली. ज्या समाजातील स्त्रियांच्या कलेला टाळ्या मिळत आणि जन्माला हिणवले जाई, त्या समाजातील एका स्त्रीचा आवाज पृथ्वीचा आवाज म्हणून निवडला गेला. तो साडेतीन मिनिटांत मावला, कारण त्यामागे आयुष्यभराची तालीम होती.

पाश्चात्त्य देशांत पियानोच्या स्पर्धांची परंपरा मोठी आहे. पोलंडमधील वॉर्सा येथे शोपँ या संगीतकाराच्या नावाने १९२७ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. तेथे प्रत्येक फेरीला वेळेची मर्यादा असते आणि कोणत्या प्रकारच्या रचना वाजवायच्या हेही ठरवून दिलेले असते. परंतु पियानोवादकाची अडचण आणि आपल्या पेटीवादकाची अडचण यांत फरक आहे. पियानोची रचना आधीच लिहिलेली असते. तिची लांबी जवळपास ठरलेली. वादकाला केवळ रचनांची बेरीज जुळवावी लागते. फार तर एखाद्या सोनाटातील पुनरावृत्ती गाळून तो मिनिट-दोन मिनिटे वाचवतो. आपला राग मात्र रबरासारखा ताणता येतो. तोच यमन सहा मिनिटांचा होऊ शकतो आणि साठ मिनिटांचाही. म्हणून आपल्याकडे जी बेरीज-वजाबाकी संगीतकाराने करून ठेवलेली नसते, ती विद्यार्थ्याला स्वतः करावी लागते.

पहिले काम म्हणजे नियमपत्रक वाचणे. हे सांगण्याची गरज आहे, कारण ते बहुतेक वेळा स्पर्धेच्या सकाळी वाचले जाते. शालेय स्पर्धांत एकल वादनाला साधारण चार ते सहा मिनिटे मिळतात. विद्यापीठांच्या युवा महोत्सवांत शास्त्रीय वादनाला पंधरा मिनिटांपर्यंत वेळ असतो. तबला सुरात लावण्याचा वेळ यातच धरला आहे की वेगळा दिला आहे? इशाऱ्याची घंटा होते की थेट शेवटची? कमीत कमी किती वेळ वाजवलेच पाहिजे? साथीदार किती? या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून भिंतीला लावल्याशिवाय सराव सुरू करू नये, असा आमचा दंडक आहे.

दुसरे काम रागाची निवड. येथे वाद्याचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. पेटीची पट्टी दाबली की स्वर थेट उभा राहतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही, स्वराला आंदोलन देता येत नाही. म्हणून दरबारी कानड्यासारखा, आंदोलित गंधारावर जगणारा राग पेटीवरील लहान सादरीकरणासाठी निवडणे म्हणजे आपणच आपला पाय बांधून घेणे. भूप, दुर्गा, वृंदावनी सारंग, यमन, बागेश्री यांसारखे राग पेटीवर लवकर ओळखू येतात. भूपात पाचच स्वर असल्याने तो सोपा वाटतो. परंतु तेच पाच स्वर देशकारातही आहेत. भूपात गंधाराला मान आहे, देशकारात धैवताला. मुलाने धैवतावर नको तितका मुक्काम केला तर जाणकार परीक्षकाच्या भुवया उंचावतात. स्पर्धेची वेळही पाहावी. सकाळी अकराच्या सुमारास फेरी असेल तर यमनापेक्षा वृंदावनी सारंग शोभून दिसतो. आजकाल पुष्कळ परीक्षक वेळेचा नियम सैल धरतात. पण जो नियम पाळायला काही खर्च येत नाही तो पाळावा.

तिसरे काम वेळेची वाटणी, आणि येथे आम्हा इतिहासवाल्यांनाही गणित करावे लागते. तीनतालाच्या आवर्तनात सोळा मात्रा. मध्यलयीत मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर एका आवर्तनाला ८ सेकंद लागतात. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर ४ सेकंद. आता सहा मिनिटांचा हिशेब मांडू. आलापाला १ मिनिट. मध्यलयीच्या गतीला १८ आवर्तने, म्हणजे १४४ सेकंद. त्यांतील पहिली ४ स्थायी-अंतऱ्याला, पुढची ६ विस्ताराला, उरलेली ८ तानांना आणि प्रत्येक तानेनंतरच्या मुखड्याला. मग द्रुत गतीला २६ आवर्तने, म्हणजे १०४ सेकंद. एकूण बेरीज ५ मिनिटे ८ सेकंद. तिहाई आणि शेवटचा विराम धरून साडेपाच मिनिटांच्या आत वादन संपते. उरलेला अर्धा मिनिट रिकामा ठेवायचा. घरातील कर्ती बाई महिन्याच्या पगारातून अडीअडचणीचे पैसे डब्यात बाजूला ठेवते, तसा हा अर्धा मिनिट. आलाप थोडा लांबला, तबल्याला एक आवर्तन जास्त लागले, कोणी मधेच टाळी वाजवली, तर तो कामी येतो.

शेवटची तिहाईही आधीच मोजून ठेवावी. तीनतालात समेपासून सुरू होऊन पुढच्या समेवर संपायचे असेल तर एकूण १७ मात्रा भराव्या लागतात. पाच मात्रांचा एक तुकडा घ्या; वृंदावनी सारंगात समजा ‘प म रे नि सा’. तो तीनदा वाजवला की १५ मात्रा झाल्या आणि मधे दोन ठिकाणी एकेक मात्रा थांबले की १७. शेवटचा षड्ज बरोबर समेवर येतो. मुलांना हे फळ्यावर खडूने सोळा घरे आखून दाखवले की डोळे चमकतात. गाण्यातील जी गोष्ट जादू वाटत होती ती हिशेबाची आहे आणि तो हिशेब आपल्यालाही येतो, हे कळण्याचा आनंद मोठा असतो.

चौथे काम रोजचा सराव. निवासी शाळेत एक अडचण असते आणि एक सोय. अडचण अशी की पेटी एक आणि हात अनेक. सोय अशी की वेळापत्रक आपल्या हातात असते. आम्ही प्रत्येक मुलाला रोज पेटीवर वीस मिनिटे देतो. उरलेला सराव पेटीशिवाय होतो. मुलांनी हाताने ताल धरून आपले संपूर्ण वादन सरगमीत म्हणायचे, किंवा पुठ्ठ्यावर आखलेल्या पट्ट्यांवर बोटे चालवत मनात ऐकायचे. आरंभी हा नाइलाज होता. हळूहळू ध्यानात आले की ज्याला आपले वादन पेटीशिवाय डोक्यात पूर्ण ऐकू येते, तो मंचावर सहसा अडत नाही.

वीस मिनिटांत सगळे वादन आरंभापासून शेवटपर्यंत वाजवू नये. तसे केले की पहिला भाग रोज घोटला जातो आणि शेवट कच्चा राहतो. परीक्षकांच्या कानात मात्र शेवटच अधिक काळ राहतो. म्हणून वादनाचे पाच भाग करावेत आणि आठवड्यातील निदान दोन दिवस शेवटच्या भागापासून मागे यावे. कोणत्याही भागाच्या आरंभी ‘येथून’ म्हटले की तेथून सुरू करता आले पाहिजे. चुकल्यावर मागे जाऊन दुरुस्त करण्याची सवय सरावातच मोडावी; पुढची सम पकडून चालत राहावे. दर शनिवारी मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून भागागणिक वेळ वहीत लिहावी. चार शनिवारांचे आकडे समोर आले की कोण कोठे धावतो आणि कोण कोठे रेंगाळतो हे मुलगा स्वतःच सांगू लागतो.

अतिसरावाचा धोकाही आम्ही पाहिला आहे. स्पर्धा जवळ आली की मुले रात्री उशिरापर्यंत जागतात, बोटे दुखवून घेतात आणि आदल्या दिवशी कंटाळलेली असतात. अशा वेळी आम्ही त्यांना सोण भिक्खूची कथा सांगतो. सोण अतिश्रमाने साधना करीत होता. चालून चालून त्याच्या पायांतून रक्त आले, तरी चित्त स्थिर होईना. तो गृहस्थ असताना वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला तिचीच आठवण करून दिली : तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजत नाही, सैल सोडल्या तरी वाजत नाही, प्रयत्नांचेही तसेच. सम्यक व्यायाम म्हणजे काय हे समजावण्यासाठी मुलांपुढे याहून जवळचा दाखला आमच्यापाशी नाही.

मंचाबद्दल थोडे. घाबरलेले मूल सहसा लय वाढवते. पहिल्याच आवर्तनात १२० मात्रांच्या १४० होतात, मग ताना बोटांत मावत नाहीत. त्यासाठी गत सुरू करण्यापूर्वी मनात एक आवर्तन मोजावे आणि तबल्याला लय डोळ्यांनी द्यावी. सरावात निदान दोनदा वेगळ्या तबलजीबरोबर वाजवावे. खरी घंटा आणून ती अवचित वाजवावी, म्हणजे तिचा धसका जातो. आपली पेटी बरोबर न्यावी. पावसाळ्यात कोल्हापूरच्या दमट हवेत एखादा सूर बोलायचा राहतो, म्हणून निघण्याआधी प्रत्येक पट्टी दाबून पाहावी. भात्याचा हात संथ असावा, कारण दचकलेला हात सुराला धक्के देतो.

या पेटीचीही एक कथा आहे. ती युरोपातून आली, आपल्याकडे मांडीपुढे घेऊन वाजवण्याजोगी झाली आणि नाटक, कीर्तन, तमाशा, सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलसे अशा सर्व ठिकाणी पोहोचली. शास्त्रीय संगीताच्या दरबारात मात्र तिला सहज आसन मिळाले नाही. तिचे स्वर ठोकळेबाज, तिला मींड नाही, या कारणांनी १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. म्हणजे पेटीदेखील काही काळ बहिष्कृतच होती. तिला स्वतंत्र वाद्याची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत आपल्या कोल्हापूरजवळच्या सांगवडे येथे जन्मलेले गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) अग्रभागी होते. भास्करबुवा बखले यांची साथ करता करता ते घडले, पुढे साथ सोडून त्यांनी एकल वादन केले. आपल्या संगीतशिक्षणाच्या आरंभाचे श्रेय त्यांनी येथील देवल क्लबला दिले आहे. ऐकायला मिळाले म्हणून ते घडले, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. राजर्षी शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी आश्रय दिला आणि त्याच महाराजांच्या काळात, १९०८ साली, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. एकाच नगरीत ही दोन दारे उघडली. त्यांना जोडणारी वाट मात्र तयार व्हायला फार काळ गेला. ती रुंद करणे हे आपल्यासारख्या निवासी शाळांचे काम आहे.

ती वाट आजही निष्कंटक नाही. एका स्पर्धेत आमच्या मुलीने सारंग वाजवल्यावर एका परीक्षकांनी कौतुकाच्या सुरात विचारले, ‘तुम्ही भीमगीत का नाही बसवले? ते तुम्हाला छान जमले असते.’ बोलणाऱ्याच्या मनात कदाचित वाईट काही नसेल. मुलगी मात्र गोंधळली. भीमगीत आमचा अभिमान आहे. भीमराव कर्डकांचे जलसे आणि वामनदादा कर्डकांची गाणी यांनी जे काम केले, ते अनेक ग्रंथांनी झाले नसते. आमची मुले ती गातात आणि गातच राहतील. परंतु त्यांनी काय वाजवावे हे त्यांच्या जन्मावरून दुसऱ्याने ठरवावे, हे आम्हाला मान्य नाही. निवड वादकाची असते. सहा मिनिटांची असो वा आयुष्याची.

या संदर्भात आम्ही मुलांना अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय मुलीची हकीकत सांगतो. युनिस वेमन तिचे नाव; पुढे जग तिला नीना सिमोन म्हणून ओळखू लागले. तिची पियानोवरील बुद्धी पाहून गावातील लोकांनी तिच्या शिक्षणासाठी निधी जमवला. लहानपणीच्या एका कार्यक्रमात गोऱ्या श्रोत्यांसाठी तिच्या आईवडिलांना मागच्या रांगेत हलवण्यात आले, तेव्हा त्यांना पुढे आणून बसवल्याशिवाय आपण वाजवणार नाही असे तिने सांगितले, ही आठवण तिने स्वतः नोंदवली आहे. फिलाडेल्फियातील कर्टिस संस्थेच्या प्रवेशचाचणीसाठी तिने न्यूयॉर्कमध्ये राहून तयारी केली. १९५१ साली तिला प्रवेश नाकारला गेला. आपल्या वर्णामुळेच हे घडले, असे तिला आयुष्यभर वाटत राहिले. २००३ साली, तिच्या मृत्यूच्या दोनच दिवस आधी, त्याच संस्थेने तिला सन्मान्य पदवी दिली.

ही हकीकत ऐकून एका मुलाने विचारले होते, ‘मग सर, एवढी तयारी करून उपयोग काय?’ प्रश्न खरा आहे आणि त्याला गोड उत्तर देऊ नये. परीक्षकांचे कान सर्वत्र सारखे नसतात. १९८० साली वॉर्साच्या त्याच शोपँ स्पर्धेत ईवो पोगोरेलिच या वादकाला अंतिम फेरीआधी वगळले, तेव्हा परीक्षक मार्था आर्गेरिच यांनी निषेध म्हणून मंडळच सोडले. गुण कोणी किती द्यावेत हे आपल्या हाती नाही. आपल्या हाती आहे ती एवढीच गोष्ट की वादन वेळेत, सुरात, तालात आणि पूर्ण व्हावे. नाकारणाऱ्याला कारण सापडू नये. आणि समजा बक्षीस हुकले, तरी बोटांत उतरलेला राग कोणी काढून घेऊ शकत नाही.

पालकांना एक विनंती. सुट्टीत मूल घरी आले की त्याला रोज वीस मिनिटे शांतता द्या. त्या वेळात दूरदर्शन संच बंद ठेवा. त्याचे वादन संपेपर्यंत ऐका; आपल्याला राग कळत नाही म्हणून संकोच करू नका. स्पर्धेला येणे जमले तर पुढच्या रांगेत बसा. माजी विद्यार्थ्यांना दुसरी विनंती. घरात न वापरलेली पेटी किंवा तबला असेल तर तो शाळेकडे पाठवा. तबला येत असेल तर महिन्यातून एक रविवार मुलांबरोबर बसायला या. वेगळा तबलजी मिळणे ही त्यांची मोठी गरज आहे.

आरंभी ज्या मुलाची गोष्ट सांगितली तो पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धेला उतरला. या वेळी वृंदावनी सारंग, फळ्यावर आखलेली आवर्तने आणि पाठ झालेली तिहाई. आम्ही सवयीने घड्याळ धरून मागच्या रांगेत बसलो होतो. शेवटचा षड्ज समेवर आला तेव्हा पाच मिनिटे चोवीस सेकंद झाली होती. घंटा वाजलीच नाही. त्याला क्रमांक मिळाला नाही. परंतु परतीच्या एसटीत तो खिडकीबाहेर पाहत बसला नव्हता. शेजारच्या मुलाच्या पाठीवर बोटांनी ताल धरून तो पुढच्या वर्षीच्या दुर्गाची आवर्तने मोजत होता.

जय भीम.